अंथरूण पाहून आवाज वाढवा

पावसाळ्यातला शनिवार. लोणावळ्यात भुशी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांची लांबच लांब रांग लागली आहे. रांगेतल्या एका छोट्या हॅचबॅकमध्ये चार मित्र बसले आहेत. डिकीत नवाकोरा वूफर, सीटखाली ॲम्प्लिफायर. काचा बंद, एसी चालू, वायपर चालू, अंधारून आल्यामुळे हेडलाइटही चालू आणि गाणे जोरात. समोरच्या कणीसवाल्याला एक गंमत दिसते. गाण्यात दणका बसला की हेडलाइटचा उजेड क्षणभर मंदावतो आणि पुन्हा वाढतो. गाडीचे दिवे जणू ठेका धरतात.

अर्धा तास रांग हलत नाही. पेट्रोल कशाला जाळायचे म्हणून इंजिन बंद केले जाते. गाणे मात्र चालूच राहते. दहा मिनिटांनी पुढची गाडी सरकते. किल्ली फिरवली की नुसते ‘कट्-कट्-कट्’. सेल्फ लागत नाही. मागून हॉर्न सुरू होतात आणि दोघे जण भर पावसात उतरून धक्का मारू लागतात.

अशा वेळी शिव्या खाते ती बॅटरी. ‘सहा महिन्यांपूर्वीच बदलली होती, तरी उतरली.’ खरे तर बॅटरीचा काहीच दोष नसतो. चुकलेला असतो तो हिशेब. मोटारीत वीज तयार किती होते, खर्च किती होते आणि हवा तेवढा आवाज मिळवायला नेमकी किती लागते, हे तीन आकडे एकदा समजून घेतले तर पैसे, बॅटरी आणि कान तिन्ही वाचतात.

टाकी आणि नळ

मोटारीत वीज बॅटरीतून येते, असा अनेकांचा समज असतो. इंजिन बंद असताना तो खरा आहे. इंजिन सुरू झाले की मात्र गाडीतली सगळी वीज पुरवतो तो अल्टरनेटर. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे हे छोटे जनित्र. घराचे उदाहरण घ्यायचे तर अल्टरनेटर म्हणजे नगरपालिकेचा नळ आणि बॅटरी म्हणजे गच्चीवरची टाकी. नळाला पुरेसे पाणी असेल तर घरही चालते आणि टाकीही भरते. घरातला वापर नळापेक्षा जास्त झाला की टाकीतले पाणी उतरू लागते. टाकी स्वतः पाणी तयार करत नाही.

गाडीची बॅटरी मुळात एकाच कामासाठी बनवलेली असते. सेल्फ मारताना एक-दोन सेकंद दीडशे-दोनशे अँपिअर विजेचा जबर झटका देणे, हे ते काम. झटका मोठा असला तरी तो इतका थोडा वेळ टिकतो, की एका सुरुवातीला जेमतेम ०.१ अँपिअर-तास वीज खर्च होते. छोट्या गाडीच्या ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ही किरकोळ गोष्ट आहे आणि अल्टरनेटर ती काही मिनिटांत भरून काढतो. पण हीच बॅटरी वारंवार अर्ध्याखाली उतरवली तर तिच्या शिशाच्या पातळ पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. ते पुन्हा पूर्ण विरघळत नाहीत आणि बॅटरीची धारणक्षमता कायमची घटते. तीन-चार वर्षे चालणारी बॅटरी वर्षभरातच मान टाकते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

अल्टरनेटरची खरी कमाई

जुन्या मोटारींत अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असे. इंजिन मंद चालत असताना तो जवळजवळ काहीच वीज देत नसे. १९६० साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने आपल्या व्हॅलियंट मोटारीत सरसकट अल्टरनेटर बसवला आणि पुढे तो जगभर रूढ झाला. त्यात तीन फेजची प्रत्यावर्ती वीज तयार होते, डायोड तिचे एकदिश विजेत रूपांतर करतात आणि रेग्युलेटर दाब साधारण १३.८ ते १४.४ व्होल्टच्या दरम्यान राखतो.

डायनॅमोपेक्षा अल्टरनेटर बराच सरस असला तरी एक मर्यादा उरतेच. त्याच्यावर लिहिलेली क्षमता त्याला कायम गाठता येत नाही. समजा त्यावर ९० अँपिअर लिहिले आहे. हा आकडा तो जोरात, म्हणजे मिनिटाला सुमारे सहा हजार फेऱ्यांनी, फिरत असतानाचा असतो. सिग्नलला उभ्या गाडीचे इंजिन मिनिटाला सात-आठशे फेरे घेते. पुलीच्या गुणोत्तरामुळे अल्टरनेटर त्याच्या अडीच-तीनपट वेगाने फिरतो, म्हणजे दोन हजारांच्या आसपास. या वेगाला ९० अँपिअरचा अल्टरनेटर ५० अँपिअरच्या आसपास वीज देतो. त्यात बॉनेटखालची उष्णता वाढली की तारांचा रोध वाढतो आणि कमाई आणखी घटते.

थोडक्यात, महामार्गावर सुखात असणारी गाडी कोंडीत गरीब होते. आणि नेमके कोंडीतच आपण सगळे काही चालू ठेवतो.

खोक्यावरचे वॅट

आता खर्चाची बाजू. ॲम्प्लिफायरच्या खोक्यावर ‘२००० वॅट’ असे ठळक छापलेले असते. हा बहुतेक वेळा ‘पीक’ म्हणजे क्षणभराचा कमाल आकडा असतो, आणि स्वस्त मालात तोही कल्पनेतला. पाहायचा तो ‘आरएमएस’ आकडा, म्हणजे सतत देता येणारी शक्ती. तोही छापलेला नसेल तर एक सोपी युक्ती आहे. ॲम्प्लिफायरच्या पाठीमागे बसवलेला फ्यूज पाहा. ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर १४ व्होल्टला आत जाणारी वीज फार तर ४२० वॅट. आत ४२० वॅट घेऊन सतत १५०० वॅट बाहेर देणारे यंत्र अजून कोणी बनवलेले नाही.

हेच गणित उलटे केले की खरी मागणी कळते. खरोखर १००० वॅट देणारा ॲम्प्लिफायर घेऊ. तो ‘क्लास डी’ पद्धतीचा असेल तर आत घेतलेल्या विजेपैकी साधारण ८० टक्के स्पीकरला देतो. म्हणजे त्याला १२५० वॅट लागतील. १३.८ व्होल्टने भागले की उत्तर येते ९० अँपिअर. आपल्या अल्टरनेटरची भर वेगातली सगळी कमाई! जुन्या ‘क्लास एबी’ पद्धतीत निम्मी वीज उष्णतेत जाते. तिथे हाच आकडा १४५ अँपिअरवर जातो.

सुदैवाने संगीत म्हणजे सलग भोंगा नव्हे. त्यात चढउतार असतात, दणक्यांच्या मध्ये मोकळी जागा असते. त्यामुळे आवाज पूर्ण वाढवला तरी सरासरी मागणी कमाल आकड्याच्या आठव्या हिश्शापासून तिसऱ्या हिश्शापर्यंत राहते. ठेक्यावर चालणारी, बेसने भरलेली गाणी तिसऱ्या हिश्शाकडे झुकतात. म्हणजे आपल्या १००० वॅटच्या ॲम्प्लिफायरची सरासरी भूक झाली ३० अँपिअर.

कोंडीतला जमाखर्च

लोणावळ्याच्या रांगेतल्या त्या गाडीचा ढोबळ हिशेब मांडून पाहू. इंजिनाचा संगणक, पेट्रोलचा पंप आणि स्पार्क प्लग मिळून १० अँपिअर. हॅलोजन हेडलाइट आणि मागचे दिवे १० अँपिअर. एसीचा आतला पंखा १० अँपिअर. रेडिएटरचा पंखा सुरू-बंद होत राहतो, त्याची सरासरी १० अँपिअर. वायपर ४, एसी कॉम्प्रेसरचा क्लच ३. बेरीज ४७. उभ्या गाडीत अल्टरनेटर देतोय सुमारे ५० अँपिअर. शिल्लक अवघी ३ अँपिअर आणि ॲम्प्लिफायर मागतोय ३०.

उरलेले २७ अँपिअर बॅटरी देते. अर्ध्या तासात तेरा-चौदा अँपिअर-तास गेले. मग इंजिन बंद केले. आता नळच बंद. दिवे, पंखा आणि ॲम्प्लिफायर मिळून ५० अँपिअर थेट टाकीतून. दहा मिनिटांत आणखी आठ. ३५ पैकी २२ अँपिअर-तास संपले. बॅटरी थोडी जुनी असेल किंवा आधीच पूर्ण भरलेली नसेल तर सेल्फ न लागणे ठरलेलेच.

दिवे ठेका धरतात तेही याच कारणाने. अल्टरनेटर कमी पडला की गाडीतला विजेचा दाब १४.२ व्होल्टवरून बॅटरीच्या पातळीला, म्हणजे साडेबारा व्होल्टच्या आसपास उतरतो. दाबातली ही घट जेमतेम १२ टक्के आहे. पण हॅलोजनच्या तारेचा उजेड दाबापेक्षा फार वेगाने घटतो. तेवढ्याने उजेड जवळपास एक तृतीयांशाने कमी होतो. रात्री घाटात, पावसात ही गंमत राहत नाही. मंदावणारे दिवे हा वीज अपुरी पडत असल्याचा गाडीने दिलेला पहिला इशारा आहे. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा बहुधा अल्टरनेटरच बंद पडला की लागतो; रोजच्या लहान तुटीबद्दल तो काही सांगत नाही.

इलेक्ट्रिक मोटारीत अल्टरनेटर नसतो, पण म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तिच्यातही दिवे आणि स्टिरिओसाठी १२ व्होल्टची वेगळी यंत्रणा असते. मोठ्या बॅटरीतून तिला वीज देणाऱ्या कन्व्हर्टरची क्षमताही ठरलेलीच असते.

तांब्याने टाकी भरत नाही

दिवे मंदावतात अशी तक्रार घेऊन ॲक्सेसरीजच्या दुकानात गेलात की हमखास एक चकचकीत नळकांडे पुढे केले जाते. हा एक फॅरडचा कपॅसिटर. ‘हा लावा, प्रॉब्लेम संपला.’ त्यात किती ऊर्जा असते ते पाहा. दाब १४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत एक फॅरडचा कपॅसिटर अवघी २६ ज्यूल ऊर्जा देतो. आपल्या ॲम्प्लिफायरला पूर्ण जोरात ती सेकंदाचा पन्नासावा भाग पुरते. तुलनेसाठी, ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत सुमारे १५ लाख ज्यूल साठलेले असतात. कपॅसिटर म्हणजे नळाजवळ ठेवलेला तांब्या. क्षणभराची चणचण तो भागवेल, दिव्यांची थरथर थोडी कमी करेल; पण पाण्याचा पुरवठा वाढवणार नाही. उलट तूट लपल्यामुळे ती आपल्या लक्षात उशिरा येईल.

दुसरी बॅटरी लावणे हा उपायही असाच. टाकी मोठी झाली, नळ तेवढाच राहिला. इंजिन बंद करून गाणी ऐकायची असतील तर तिचा उपयोग आहे. रोजच्या तुटीवर मात्र ती उपाय नाही. शेवटी ती भरायची आहे त्याच अल्टरनेटरने. तूट खरोखर भरून काढायची तर दोनच वाटा आहेत: मोठा अल्टरनेटर किंवा कमी खर्च. मोठ्या अल्टरनेटरसाठी पट्टा, पुली आणि मुख्य तारा तेवढ्या ताकदीच्या लागतात. अनेक नव्या गाड्यांत इंजिनाचा संगणकच इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटरचा दाब कमी-जास्त करत असतो. तिथे बाहेरचा अल्टरनेटर जुळेलच असे नाही आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच.

शिवाय ही वीज फुकट नसते. अल्टरनेटर इंजिनाच्या ताकदीपैकी साधारण साठ टक्केच विजेत बदलतो. ३० अँपिअरच्या गाण्यासाठी इंजिनाला सुमारे ७०० वॅट, म्हणजे जवळजवळ एक हॉर्सपॉवर जास्त द्यावी लागते. ती येते पेट्रोलमधूनच.

खरा धोका तारेत

बॅटरी उतरली तर धक्का मारता येतो. तार पेटली तर वेळ मिळत नाही. ‘बारा व्होल्टने काय होणार’ हा समज सगळ्यात घातक. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही हे खरे, पण तीच बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर प्रवाह सोडते आणि तार काही क्षणांत लाल होते.

शॉर्ट न होताही तार तापते. बॉनेटपासून डिकीपर्यंत पाच मीटर लांब, १० चौरस मिलिमीटर जाडीची चांगली तांब्याची तार घेतली आणि तिच्यातून ९० अँपिअर गेले, तर तिच्यात ७० वॅट उष्णता तयार होते आणि पाऊण व्होल्टहून अधिक दाब वाटेतच हरवतो. पैसे वाचवायला ४ चौरस मिलिमीटरची तार टाकली तर हाच आकडा सुमारे १८० वॅटवर जातो. म्हणजे गालिच्याखाली, सीटच्या फोमजवळ छोटी इस्त्रीच चालू ठेवल्यासारखे. बाजारात मिळणारी स्वस्त तार पुष्कळदा वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची असते. तेवढ्याच जाडीला ती तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश प्रवाह वाहून नेते. बाहेरचे जाड, रंगीत वेष्टन पाहून जाडीचा अंदाज बांधला की फसगत झालीच.

फ्यूज कशासाठी असतो याबद्दलही गैरसमज आहे. बॅटरीजवळ बसवायचा मुख्य फ्यूज ॲम्प्लिफायर वाचवण्यासाठी नसतो, तो तार वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो बॅटरीपासून शक्य तितक्या जवळ, साधारण दीड फुटाच्या आत हवा. डिकीत ॲम्प्लिफायरजवळ लावला आणि मधली तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली, तर तो फ्यूज काहीच करू शकत नाही. फ्यूज वारंवार जातो म्हणून मोठ्या आकड्याचा टाकणे किंवा चांदी गुंडाळून काम भागवणे म्हणजे आगीला आमंत्रण.

कानाचे गणित

एवढा सगळा खटाटोप कशासाठी? दुप्पट आवाजासाठी. इथे आपल्या कानाची रचना आड येते. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो जरासा वाढल्यासारखा वाटतो, दुप्पट नव्हे. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल वाढ लागते आणि तिच्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. १०० वॅटवरून १००० वॅटवर गेलात तर विजेचा खर्च दहापट, आवाज दुप्पट. त्यात आपला कान खोल, खर्जातल्या आवाजांना कमी संवेदनशील असतो, म्हणून वूफरच सगळ्यात जास्त वीज खातो.

स्पीकर तरी ही वीज नीट वापरतो का? एक वॅट दिल्यावर एक मीटरवर ९० डेसिबल आवाज देणारा स्पीकर चांगला मानतात. अशा स्पीकरमध्येही एक टक्क्याहून कमी वीज ध्वनीत बदलते. बाकीची आतल्या गुंडाळीची उष्णता होते. याचीच दुसरी बाजू आशादायक आहे. ९० ऐवजी ९३ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर घेतला तर निम्म्या विजेत तेवढाच आवाज मिळतो. ना बॅटरीला ताण, ना अल्टरनेटरला.

आणि ९० डेसिबल काही थोडा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या निकषानुसार प्रौढांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती आठवड्याला चार तास उरते, १०० डेसिबलला वीस-पंचवीस मिनिटे. रोज तासभर गाडी चालवणारा माणूस बंद काचांत १०० डेसिबल ऐकत असेल, तर आठवड्याची मुदत सोमवारी सकाळीच संपते. अंतर्कर्णातल्या ध्वनी टिपणाऱ्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवात कानात ‘टीं’ असा आवाज राहण्याने होते. मग गर्दीत समोरच्याचे बोलणे नीट कळत नाही. बॅटरी बदलता येते. या पेशी बदलून मिळत नाहीत. मागून येणारी रुग्णवाहिका ऐकू न येणे हा धोका तर लगेचचा.

मग करायचे काय?

गाडीत चांगले संगीत असू नये असे कोणी म्हणत नाही. लांबच्या प्रवासात गाण्यासारखा सोबती नाही. फक्त खरेदीचा क्रम बदलायला हवा.

• आधी स्पीकर बदला. संवेदनशीलतेचा आकडा पाहून घेतलेले स्पीकर आणि दारांच्या पत्र्याला आतून लावलेले कंपनरोधक थर, एवढ्याने बहुतेकांचे समाधान होते.

• ॲम्प्लिफायर हवाच असेल तर क्लास डी घ्या आणि आरएमएस आकडा विचारा. छोट्या गाडीला खरे दोन-तीनशे वॅट पुष्कळ झाले.

• साध्या मल्टिमीटरने तपासणी करा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब हवा. मग इंजिन सुरू करून दिवे, एसी आणि गाणे चालू ठेवा आणि गाडी उभी असतानाच पुन्हा मोजा. आकडा १३ च्या खाली उतरून तिथेच राहत असेल, तर बहुधा तुम्ही टाकीतले पाणी वापरत आहात. मोजताना फिरत्या पट्ट्यापासून हात आणि ओढणी दूर ठेवा.

• तार शुद्ध तांब्याची आणि पुरेशी जाड, फ्यूज बॅटरीजवळ आणि तारेच्या क्षमतेइतकाच. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी बूच हवेच. हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

• कोंडीत आवाज कमी करा. इंजिन बंद केले तर ॲम्प्लिफायरही बंद करा.

त्या चौघांची गाडी अखेर मागच्या गाडीतल्या काकांनी दिलेल्या जंपर केबलवर सुरू झाली असेल. घरी जाताना त्यांनी गाणे लावले असेलच, पण जरा हळू. पावसाचा आवाजही ऐकू आला असेल, आणि हेडलाइट स्थिर राहिले असतील.